घरातलं रक्त

अप्पा, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुमची नात बंगळूरच्या दवाखान्यात काचेआड आहे. तिच्याजवळ तुमचा भाचा, म्हणजे माझा नवरा, बसलाय आणि मी तिचे धुतलेले कपडे न्यायला कुवेंपुनगरच्या घरी आलेय. तुम्ही माझं लग्न ठरवलंत तो दिवस आठवतो. मी चुलीशी नाचणीच्या पिठाचे रागीमुद्दे वळतेय, तुम्ही दारात उभे, कापड रंगवून हात निळे. म्हणता, "आत्याच्या मुलाला देऊन टाकू. घरातलं रक्त घरात राहील." मी म्हणते, अप्पा, मला नको. "साकु! तुला काय कळतं?" म्हणून तुम्ही हात धुवायला निघून जाता.

नवरा चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्हा दोघांच्याही रक्तात एकच दोष दडलेला होता आणि तो दोन्हीकडून पोरीला मिळाला. थॅलेसेमिया. लहानपणापासून सारखं दुसऱ्याचं रक्त चढवायचं, मग पोर चार दिवस हसणार. तुम्ही ते बघायला राहिला नाहीत, सुटलात.

आता डॉक्टरांनी तिच्याच मूळपेशी काढून घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना नीट रक्त बनवायला शिकवलं. त्या परत देण्याआधी जहाल औषधाने हाडांमधली जुनी मज्जा मारून टाकली. मला ते लगेच समजलं. जुना रंग पुरता उतरवल्याशिवाय तुम्ही तरी कुठे नवा चढवत होता? पण तुमचं कापड बिघडलं तर दुसरं मिळायचं. पेशी परत दिल्यात, त्या रुजल्या तर ती जगेल. नाही तर साधा तापसुद्धा तिला नेईल. केस गेले, तोंड आलंय, पाणी गिळवत नाही. परवा मलाच म्हणाली, "अम्मा, सुम्ने, उगाच रडत बसू नको, मला बघवत नाही."

तेव्हा कुणाला ठाऊक होतं, असं सगळे म्हणतात. लोकांना सांगायला ते ठीक आहे. मी नको म्हटलं होतं, अप्पा. तेवढं तरी ऐकायचं होतं.

इथवर लिहिलं आणि ह्यांचा फोन आला. पांढऱ्या पेशी आज पहिल्यांदा वर आल्यात. रुजताहेत असं दिसतंय, डॉक्टर म्हणाल्या. हा कागद कुठे धाडायचा नाहीच, म्हणून सांगते. राग अजून आहे. पण फोन ठेवल्या ठेवल्या, रिकाम्या घरात, बातमी सांगायला मी तुम्हालाच हाक मारली.