हवेवर जगणारं झाड

१८ मे, दुपारी
रिताच्या बाबांले खताच्या दुकानातून डायरी भेटली. त्यांले लिहायले काही नाही, तोंड उघडायलेच त्यांले महिना लागते. म्हणून मी घेतली. आजपासून रोज लिहीन. कोणाले दाखवणार नाही. या घरात वाचायच्या लायकीचं कोणी नाही.

मुद्दा असा आहे. यंदा धानाच्या रोपांचं पऱ्हं टाकताना बियाण्याची पहिली मूठ माझी पडली पाहिजे. आमच्या घरी तो मान मोठ्या जावेचा, मंदाबाईचा. काहून तर म्हणे तिच्या हाताले गुण आहे. परार साली ती तापानं पडली होती तेव्हा सासऱ्यानं, मामाजीनं, मूठ मले टाकू दिली. बियाणं बोगस निघालं, अर्धं रोप उगवलंच नाही, आणि अख्ख्या आसगावात झालं की ललिताच्या हातानं गवत बी उगवत नाही. आसगावातल्या लोकांले दुसरं काम नाही.

तुळस वाळली ती थंडीनं. जास्वंद बकरीनं खाल्ली. मनी प्लान्ट मंदाबाईच्या नजरेनं गेला. यात माझा हात कुठे आला?

२० मे
भंडाऱ्याले गेली होती, पितळेचं गंगाळ बदलून आणायले. बाजूच्या दुकानात कुंडीत एक झाड दिसलं. हिरवंगार, शतावरीसारख्या बारीक फांद्या. दुकानदार म्हणाला, बाई, याले पाणी नको, ऊन नको, हवेवर जगते, कधीच मरत नाही. कधीच मरत नाही एवढं ऐकलं, पुढचं ऐकायची गरज नव्हती.

एसटीत मांडीवर घेऊन बसली. गंगाळ पायाशी.

घरी आल्या आल्या मामाजीले सांगून टाकलं. हे झाड पऱ्हं टाकेपर्यंत माझ्या हाताखाली हिरवं राहिलं तर पहिली मूठ माझी. मामाजी तंबाखूचा खर्रा घोटत होते. म्हणाले, राहू दे, मग पाहू. मंदाबाई हसली. दाढेपर्यंत दिसलं.

२१ मे, सकाळी
झाडाले पाणी नको म्हणते. असे लोक दुकान टाकतात. तांब्याभर घातलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुंडीतून हिरवं पाणी निघालं. अंगात हिरवेपणा जास्त झाला की बाहेर पडते. तब्येतीची खूण आहे.

२४ मे
मंदाबाई म्हणाली, ललिता, तुझ्या झाडाले सुकलेल्या झिंग्यांचा वास येते. म्हटलं, ज्याच्या नाकात जे असते तेच त्याले येते.

मांजर सकाळपासून कुंडी चाटून राहिली. मुक्या जनावराले सुगंध समजते, मंदाबाईले नाही.

२९ मे
झाड वाढलं. आगपेटीतल्या काडीनं मोजलं. पोरगा, प्रवीण, म्हणाला, आई, तू इतकं पाणी घालते की ते खालून सुटून वर आलं. म्हटलं, वर आलं म्हणजेच वाढलं. कॉम्प्युटर शिकून राहिला आणि एवढं समजत नाही.

बचत गटाच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं माझी मेहनत. उषाबाईनं अंगठा दाखवला. बाकीच्या जळून राहिल्या.

रोज लिहायचा नेम मोडलेला नाही. मधले दिवस आरामाचे धरले.

३ जून
रंग उतरून राहिला. वरून भुरं दिसते, बुडाशी हिरवं आहे. यात घाबरण्यासारखं काय? धान पिकते तेव्हा तेही हिरवं राहत नाही. ताकद यावी म्हणून ताक घातलं.

४ जून
ताक घालायले नको होतं. मांजर आता कुंडीजवळच झोपते. पाहुण्यांनी वासाचं विचारलं तर मांजरीचीच जागा आहे म्हणून सांगायचं.

७ जून
मंदाबाईनं मामाजीच्या कानात घातलं की झाड गेलं. मामाजी येऊन पाहून गेले, हं म्हणाले. त्यांच्या हं चा अर्थ त्यांलेच माहीत.

मी पण कच्ची नाही. म्हटलं, शिकलेल्या माणसाले विचारू. परवा माझी रिता येऊन राहिली नागपूरहून. एमएस्सी करते, प्राणीशास्त्रात. जिले बेडकाच्या पोटातलं सर्व समजते तिले झाड म्हणजे डाव्या हाताचा खेळ. सर्वांसमोर तिच्या तोंडून वदवून घेते. शेजारच्या बेबीबाईले बी बोलावलं, बाहेरची साक्ष असावी. पोहे करीन.

९ जून
पोहे चांगले झाले होते.

रितानं कुंडी उचलली, उजेडात धरली आणि तिचे डोळेच चमकले. म्हणाली, आई, हे तर माझ्याच सब्जेक्टचं आहे. मी मंदाबाईकडे पाहिलं आणि म्हटलं, घ्या, अजून पोहे घ्या.

मग पोरगी सुरू झाली. झाडच नाही म्हणे. हायड्रॉइड. समुद्रातला प्राणी. तोही एक नाही, एका दांड्यावर हजारोंचा गोतावळा. काही नुसते खाणारे, काही नुसते पोरं काढणारे, एकानं खाल्लं की सर्वांच्या पोटात पोहोचते. प्रवीण म्हणाला, म्हणजे आपलंच घर.

मी विचारलं, असू दे प्राणी. जिवंत आहे ना?

रिता म्हणाली, आई, हे थंड देशातल्या समुद्रातून काढतात, वाळवतात, हिरवा रंग देतात आणि शोपीस म्हणून विकतात. दुकानात यायच्या आधीच मेलेलं असते. हा सांगाडा आहे.

मंदाबाईनं पदर तोंडाले लावला. बेबीबाईनं विचारलं, मग बाई, ताक तू कोणाले पाजलं?

मी म्हटलं, दुकानदार खोटं नाही बोलला. कधीच मरत नाही म्हणाला होता. ते बरोबरच आहे.

रितानं तिथं थांबायचं ना. तिनं मोबाईलवर दुसराच फोटो उघडून दाखवला. याच्याच नात्यातलं एक आहे, फायर कोरल. दिसायले पिवळट दगड, पण हात लावला की आग होते, अंगावर फोड येतात. म्हणे बारकी मासोळी आणि खेकडे त्याच्याच फांद्यांत राहतात. बाकी कोणी त्या वाटेले येत नाही, म्हणून ते सुखात असतात.

मामाजीनं मोबाईल मागितला. मोबाईल डोळ्याजवळ नेला, दूर नेला. म्हणाले, असं एक आपल्या घरी बी आहे.

सर्व जण माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, मंदाबाई, तुमच्याबद्दल बोलून राहिले मामाजी.

१० जून
रिताशी बोलत नाही. मुलींले शिकवावं, पण सर्वच शिकवू नये. जाताना पाया पडली, म्हणाली, आई, मले काय माहीत होतं तुझी पैज लागली आहे. म्हटलं, कसली पैज? डब्यात चिवडा दिला तेवढाच.

कुंडी फेकणार नाही. फेकली तर मंदाबाई फेकताना पाहील.

१६ जून
पऱ्हं टाकलं. पहिली मूठ मंदाबाईची. मी पाहिलं नाही. शेताच्या धुऱ्यावर उभी होती तरी पाहिलं नाही. मूठ टाकताना तिनं डोळे मिटले होते, एवढं नाटक करायले नको होतं.

मग मामाजीनं मले हाक मारली. म्हणाले, ललिता, पाखरं लय बियाणं खाऊन राहिली. राखण तू कर. तू उभी असली की कोणी फिरकत नाही.

शेवटी त्यांले माझी किंमत समजली. मंदाबाईले त्यांनी कधी राखण दिली नाही. पाखरं तिच्या खांद्यावर बसतील.

१९ जून
कुंडीतलं ते शेतात नेलं, पऱ्ह्याच्या मधात काठीले बांधलं. मेलेलं असो नाहीतर काही असो, घरात बसून खाण्यापेक्षा कामाले लावलं. एका बाजूले ते, एका बाजूले मी. पाखरू नाही, बकरी नाही, बेबीबाई पण दुरूनच गेली.

हिरवी टोकं दिसून राहिली. मूठ कोणाचीही असो, उगवलं कोणाच्या डोळ्यासमोर, हे मामाजीले एक दिवस समजेल. पुढच्या वर्षीची पहिली मूठ माझी. आत्ताच लिहून ठेवते.

२१ जून, सकाळी
सुगरण आली. खोप्यासाठी सामान शोधून राहिली असेल. मले भ्याली नाही, हातातल्या काठीले भ्याली नाही. सरळ जाऊन त्या हायड्रॉइडवर बसली. बुडाशी थोडं हिरवं राहिलं होतं, तिथली एक काडी तोडली. चोचीत धरली, उलटी केली, सुलटी केली. टाकून दिली आणि उडून गेली.

मंदाबाई डबा घेऊन धुऱ्यावर उभी होती. तिनं सर्व पाहिलं. हसली नाही. म्हणाली, ललिता, जेवून घे.

ती गेल्यावर मी काडी उचलली. बोटात धरून नीट पाहिली.

वाळलेलीच आहे.