पाचव्या शीलाचा खोकला

२ मे, सकाळी ९
रिपोर्ट आला. माझे लिव्हर मोठे झाले आहे. डॉक्टरांनी सांगितले, मुलीने, प्रितीने, कागद दोनदा वाचून खात्री केली. लालबागच्या या दहा बाय बाराच्या खोलीत तीस वर्षांत मोठी झालेली ही एकच वस्तू, असे मी म्हणालो. मालन हसली नाही. बायकोला माझे विनोद कळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता एक घोटही नको. माझेही तेच मत होते. पंचवीसला प्रितीचे लग्न. आजपासून बंद.

३ मे
दादरला काउन्सेलिंग. क्लेअर मॅडम वयाने लहान, पण अभ्यासू. गोल करून आठ जण बसलेले. सात बेवडे आणि मी. मॅडम म्हणाल्या, शामराव, रोज खरे तेवढेच लिहा, कुणी वाचणार नाही. प्रितीची कॉलेजची अर्धी कोरी वही घेतली, कालचेही आठवून लिहून काढले. माझ्यासारखा माणूस ग्रुपमध्ये असला की मॅडमना मदतच होईल.

५ मे
प्रितीने अट घातली. चाळीच्या बुद्धविहारात बावीस वर्षे पंचशील मीच देतो. मी एक ओळ म्हणायची, लोकांनी मागून म्हणायची. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. नेमका तिथे मला खोकला येतो. घशाची जुनी तक्रार. लोकांना पाठ असल्यामुळे अडत नाही. प्रिती म्हणाली, पप्पा, माझ्या लग्नात पाचही पूर्ण म्हणायची. घेतलेली असेल तर उभेच राहू नका, वैभवकाका देतील. शेजारचा वैभव! त्याचा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी.

८ मे
सहा दिवस शून्य. हात थरथरतो. चहा बशीत ओतावा लागत नाही, आपोआप जातो.

१० मे
अशक्तपणा फार. द्राक्षासव आणले. हे आयुर्वेदिक औषध आहे, दारू नाही. बाटलीवर लिहिले आहे. दोन झाकणे घेतली, हात थांबला. आपल्या लोकांना आयुर्वेदाची किंमत नाही.

१४ मे
झाकण हरवले. अंदाजाने घेतो.

१७ मे
ग्रुपमध्ये सांगितले, पंधरा दिवस एक थेंब नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम सोडून. त्यांनी फक्त विचारले, खोकला कसा आहे? प्रितीने तोंड उघडलेले दिसते.

१९ मे
औषधवाला म्हणाला, काका, घरात आजारी आहेत तरी किती जण? म्हटले, एकच, पण सीरियस.

२१ मे
मालन म्हणाली, अहो, तुमचे डोळे पिवळे दिसतात. ट्यूबलाइट बदलली. म्हणते, अजून पिवळेच.

२४ मे, रात्री १०
सकाळी मोरीत उलटी. चहाच्या चोथ्यासारखी, काळी. कालचे मटण असावे. मालन वरून पाणी ओतत म्हणाली, मटण बुधवारी होते, आज शनिवार. पुन्हा म्हणाली, डॉक्टरकडे चला. लग्न झाल्यावर जाऊ. आता औषधाचे दुकान बंद होते, म्हणून त्याच गुणाचे दुसरे घेतले. एवढे एकदाच. उद्या आवाज सुटायला हवा.

२५ मे, दुपारी १
प्रितीने सकाळी जवळ येऊन वास घेतला. म्हणाली, पप्पा, बसा ना. मी उभा राहिलो. बापाचा हक्क आहे. चार शीले खणखणीत दिली. पाचव्याला खोकला. दर वेळी लोक सांभाळून घेतात. आज दोनशे माणसांत कुणी तोंड उघडले नाही. नुसते पंखे ऐकू येत होते. मग पांढऱ्या साडीतल्या प्रितीने, माझ्याकडे न बघता, पाचवे शील म्हटले. अख्ख्या विहाराने तिच्या मागून म्हटले. वैभवनेही. खोकला थांबेना. रुमाल लाल झाला. मालनला म्हटले, पान खाल्लेय. ती म्हणाली, तुम्ही पान कधी खाता?

२७ मे, सायंकाळी ५, हॉस्पिटल
अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा नळी घालून बांधल्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा फुटल्या तर थांबवता येतीलच असे नाही. हे ते प्रितीला बाहेर सांगत होते. दार उघडे होते. तिच्या हातावरची मेंदी अजून गडद आहे.

क्लेअर मॅडम येऊन गेल्या. वही मागतील म्हणून उशीखाली सारली. त्यांनी मागितली नाही. म्हणाल्या, शामराव, तुम्हीच वाचा. उद्या सकाळी अकराला, मालनताई आणि प्रितीसमोर, मोठ्याने, पहिल्या पानापासून. सोपे आहे. माझ्या आवाजाचे नाव आहे.

आता नर्स नसताना हळू आवाजात सराव केला. दोन मे व्यवस्थित झाले. आठ मेपर्यंत अडखळलो नाही.

दहा मेच्या पानाला खोकला आला.