पोट बघून दिलेला मान

धाकट्या बहिणीला, झूराला, थोरल्या कालबुबूचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. तिकडे राजधानीत, बिश्केकात, तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट क्रांतीनंतर तरी सुरू झाली का? (नसेल, तर क्रांती केली कशाला, हे त्या पोरांना एकदा विचार.) भाऊजींनी वोडका सोडली असं लिहिलंस, ते खरं असेल तर पुन्हा एकदा लिही.

आमच्याकडेही क्रांती पोचली, गुरुवारच्या गाडीने. तालुक्याचा कारभार बघणारा जुना आकिम ओमोर कचेरीच्या खिडकीतून पळाला, त्याच्या जागी नवा आकिम अब्दिमनाप आला. भिंतीवरचा फोटो बदलला, चौकट तीच. लग्नात गाणारा तुर्दाकुन ओमोरची स्तुती गायचा, तेच गाणं आता नव्याच्या नावाने गातो. नाव लांब, म्हणून त्या ओळीला त्याला धावावं लागतं. नव्याने सभेत सांगितलं की आता स्वातंत्र्य आहे, वाटेल त्याची थट्टा करा, फक्त थट्टेची यादी सोमवारपर्यंत कचेरीत द्या. आपली पेरिझात (माझी नात, जिचं हसणं तुला पुरुषी वाटतं) संस्कृती भवनात ओमोरची नक्कल करायची. पोटाला उशी, लोकरीच्या मिशा, वर कोट-टाय.

गेल्या महिन्यात गावाने नव्या आकिमाला जेवण दिलं. मेंढी माझी, चूल माझी, नाव गावाचं. आधी पेरिझातची नक्कल झाली. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि फोटोसाठी तिला त्याच वेषात शेजारी, दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवून घेतलं. तेवढ्यात मी मेंढीचं डोकं घेऊन तंबूत शिरले. चष्म्यावर वाफ. समोर दोन कोट, दोन टाय. एक सुकलेला (नवाच होता, अजून भरला नव्हता), एक चांगला पोटाचा. साठ वर्षं मी साहेब लोक पाहतेय. मी डोकं पोटापुढे ठेवलं.

आता डोकं ज्याच्यापुढे, तोच पंगतीचा मोठा, आणि त्यानेच कान कापून लहानाला द्यायचा की थोरांचं ऐकत जा. ठेवलेलं डोकं उचलता येत नाही, हे तुला मी काय सांगू. पण कार्टीने जरा मागे सरकावं की नाही? तिने सुरी घेतली, कान कापला आणि खऱ्या आकिमापुढे धरून ओमोरच्या आवाजात म्हणाली, "घे बाळा, खा. ऐकायची सवय लाव. मी लावली नाही, म्हणून खिडकीतून जावं लागलं."

मानाचा घास नाकारता येत नाही. साहेबांनी कान खाल्ला. मेंढी म्हातारी होती, चावायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तीस फोन त्यांच्या तोंडासमोर.

सोमवारी संस्कृती भवनाला कुलूप. म्हणे छताची दुरुस्ती. तीस वर्षं गळतंय ते, आजवर कोणी वर पाहिलं नव्हतं. मी कचेरीत गेले. साहेब गोड बोलले. विनोद त्यांनाही आवडतो म्हणे, पण तो मागच्या आकिमांवर असावा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही मागचे कधी होणार तेवढं सांगा, पोरगी थांबेल. तेव्हापासून तिला कुठेच उभं करत नाहीत, लग्नातसुद्धा नाही. दिवसभर गाईंपुढे नकला करते, आणि गाई काही हसत नाहीत. माफी माग म्हटलं तर तिने माझीच नक्कल करून दाखवली. (बरी करते, मेली.)

बाकी क्षेम.

तुझी थोरली,
कालबुबू

ता. क. – तुझे गुडघे विचारायला एवढं लिहिलेलं नाही. पेरिझात पुढच्या गुरुवारच्या गाडीने तुझ्याकडे राहायला येतेय. इथे ती सुकून जाईल. राजधानीत एखादं तरी स्टेज मिळेल. शिलाई मशीनची खोली रिकामी कर. स्थळं दाखवू नकोस, नवऱ्या मुलाची नक्कल त्याच्याच आईसमोर करेल.

आणखी ता. क. – पाकीट फाडून लिहितेय. काल अब्दिमनापही खुर्चीवरून पडला. आज सकाळी आमच्याकडे मागच्या दाराने आला आणि पेरिझातला म्हणाला, "मुली, माझी नक्कल बसव. ज्याची नक्कल नाही, तो होऊन गेला हे कोणाला पटणार?" ती म्हणाली, "बसवते. पण आधी माझ्या बॅगा उचला. तुम्ही काम करताना कसे दिसता, ते अजून कोणी पाहिलेलं नाही." तर तो त्याच गाडीने येतोय. दारात तिच्यामागे बॅगा धरून घामाघूम झालेला कोटवाला दिसेल. आधी तिला आत घे.