पोलिसांच्या गाडीत माफी

घोडपदेव, मुंबई
जानेवारी १९५७

सौ. सुंदराअक्कास,

प्रभूच्या नावे धाकट्या भावाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल. उर्मिलेच्या लग्नाला आठवडा उरलाय आणि नवरीचा बाप पोलिसांच्या गाडीत बसून आलाय, एवढंच. घाबरू नकोस, नीट ऐक.

आमचा शेजारी जयवंत तुला ठाऊक आहे. चर्चमध्ये बाजाची पेटी तो वाजवतो, सांभाळतो मी. त्या पठ्ठ्याने काल सकाळी मला न विचारता मंडळीची पेटी उचलली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत पोवाडे गायला काळाचौकीला नेली! मी मोठ्या मनाने राग गिळला. तुझी भावजय कौसल्या म्हणाली, "गिळून काय होतंय? सकाळपासून तांब्या आपटताय. जा, तोंडावर सांगा, पण हळू. आणि दिवस मावळायच्या आत. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये, असंच पवित्र शास्त्रात शिकवलंय ना आपल्याला?" शिवाय जयवंताशी बिनसलं तर लग्नात वाजवणार कोण, ही धास्ती होतीच.

पोहोचलो तर पोलीस सत्याग्रहींना गाडीत भरत होते आणि जयवंत चढत होता. सूर्य गिरणीच्या धुराड्याला टेकलेला. मागचापुढचा विचार न करता मीही चढलो. हवालदाराने धाडकन दार लावलं! आतल्या काळोखात एका खोक्यावर बसकण मारली आणि शांतपणे म्हणालो, "जयवंता, न विचारता पेटी नेलीस, मला राग आलाय. भांडायला नाय आलो, दिवस मावळायच्या आत सांगून मोकळा व्हायला आलोय." घोषणा थांबवून सगळी गाडी ऐकू लागली. जयवंत ओशाळला. "चुकलं काका. पण विचारलं असतं तर तुम्ही दिली नसती ना!" (खरं होतं, म्हणून आणखीच राग आला.) राग पुरता गेल्याशिवाय माफ केलं म्हणणं खोटं, म्हणून मी राग ओसरायची वाट बघत बसलो. भिवा नावाचा एक गिरणी कामगार जाळीतून बाहेर बघत ओरडला, "ओ काका, आटपा! बुडाला बघा सूर्य!" मला हसूच फुटलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. जयवंताला मिठी मारली, तसा गाडीभर जयघोष झाला. चौकीवर दम देऊन सोडलं. चाळीत मात्र मला सत्याग्रही म्हणून हार घातला गं! (मीही खुलासा केला नाही.)

दाजींना सलाम, भाचरांना पापा. लग्नाला आधीच या.

तुझा
नाना

ता. क. मी बसलो होतो ते खोकं म्हणजे मंडळीची पेटीच निघाली. आता तिचा एक सूर आपोआप वाजतो आणि थांबतच नाही. आज जयवंत येऊन शांतपणे म्हणाला, "काका, मला राग आलाय." अक्का, राग सांगण्यापेक्षा ऐकून घेणं महाकठीण! डोळ्यांत पाणी आलं. त्याने माफ केलं, पण ही पेटी लग्नात वाजवणार नाही म्हणतो.

ता. क. आणखी एक. दाजींची घरची बाजाची पेटी तुमच्या आधी निघणाऱ्या पाहुण्यांबरोबर गुपचूप धाड. त्यांना विचारू नकोस, ते देणार नाहीत. आल्यावर भडकलेच तर मला तोंडावर सांगू देत. लग्न सकाळचं आहे. दिवस मावळेपर्यंत त्यांना भरपूर वेळ मिळेल.