दशमीच्या रात्रीचं विमान

कामोठे,
रविवार

ती. दादांना सुभाषचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हे रीत म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात कमरेत उसण भरल्यामुळे सध्या मला एकाही अंगाने वाकता येत नाही. उसण कशी भरली ते पुढे येईल, तेव्हा पत्र बसूनच वाचावं.) तुमची शुगर, वहिनींचे गुडघे, परसातला फणस आणि बांधाचा कोर्टातला दावा, सगळे आपापल्या जागी खुशाल असतील अशी आशा करतो. आम्हीही खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण या महिन्यात मला एकामागून एक असे काही धक्के बसलेत की तो शब्द लिहिताना हात अडखळतो.

पहिला धक्का क्षिप्राने दिला. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घरात स्वस्त वस्तू शोधण्याचं खातं माझ्याकडे. बेलापूरच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून तर मी दुसरं खातं सांभाळतच नाही. कांदे वाशीच्या मार्केटमधून गोणीने आणतो आणि सोसायटीत वाटून घेतो; आमच्या विंगमध्ये माझ्याएवढा भाव पाडून आणणारा माणूस नाही, हे सेक्रेटरीसुद्धा मान्य करतात. तर ही पोरगी चहा पिता पिता म्हणाली, बाबा, ग्रीसचं विमानाचं तिकीट शोधून द्या ना स्वस्तात. मला वाटलं, ऐरोलीच्या कंपनीने मुलीला परदेशी पाठवायचं ठरवलं. मी मनातल्या मनात पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन टाकली. तर म्हणे नाही, खडक चढायला. दादा, मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच! अथेन्सपर्यंत विमानाने जायचं, तिथून रात्रभर बोटीने कालिम्नोस नावाच्या बेटावर, आणि तिथे रोज सकाळी उठून खडक चढायचा. वर काय आहे म्हणून विचारलं. देऊळ? नाही. किल्ला? नाही. निदान चहाची टपरी? तीही नाही. वर पोचलं की खाली उतरायचं! आपण दोघं शाळेत जायला रोज आख्खी घाटी चढायचो, त्याला कोणी खेळ म्हटलं नाही, उलट उशीर झाला म्हणून छड्या खाल्ल्या. आणि समोर खारघरचा डोंगर फुकट उभा आहे, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तरी खातं माझं, म्हणून मोबाइल घेऊन बसलो. नाव, वय भरायचं होतं. जन्मवर्ष सांग म्हटलं, तर म्हणाली, माझं कशाला, आईचं घाला, आई चाललीय. दादा, मी आकाशातून पडलो. (तेही तिकिटाशिवाय.) अरुणा शेजारीच गवार मोडत बसली होती, तिने मान वर केली नाही, फक्त शेंगा जरा भरभर मोडायला लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिचा खांदा आखडला होता, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. त्यानंतर बाई आठवड्यातून तीनदा योगाला जाते अशी माझी वर्षभर समजूत. योग कसला! खारघरला कुंदन म्हणून एकाने स्वतःच्या बिल्डिंगमध्ये खालचे दोन मजले मोकळे ठेवून भिंत उभारलीय, तिच्यावर रंगीत गुठळ्या ठोकल्यात, आणि लोक पैसे देऊन त्यांना लोंबकळतात. हा कुंदन खाडीकाठच्या गावातला, चाळिशीचा, मिशा अशा की बघून हात जोडावेत. मी तपासणीला गेलो तर तो वर बघत ओरडत होता, "काकी, तुमी खाली बगू नका, मी हाय ना!" म्हणून मीही वर बघितलं, तर काकी म्हणजे माझी बायको, आणि ती छताला. जिने उंचीची भीती वाटते म्हणून तीस वर्षं मला स्टुलावर चढवून बल्ब बदलून घेतले, ती!

कमरेचं तिथेच झालं. चढणाऱ्याचा दोर खाली उभ्या माणसाने धरायचा असतो. वरच्याचा हात सुटला तर खालच्याने त्याला झेलायचं, म्हणजे दोराने. कुंदन म्हणाला, काका, बघा धरून. मी पट्टे बांधून धरला. आता माझी प्रकृती तुम्हाला ठाऊक आहे, वहिनी मला अजून वाळवलेला बोंबील म्हणतात. आणि अरुणा, तिच्या कानावर जाऊ देऊ नका, माझ्या दीडपट. तिचा हात सुटला, ती खाली आली आणि मी वर गेलो. मधोमध आमची गाठ पडली. ती म्हणाली, "अहो, पाय भिंतीला लावा." एवढ्या वर्षांच्या संसारात मला हवेत असताना सल्ला पहिल्यांदाच मिळाला, आणि तो बरोबर होता, पण तोवर कंबर गेली होती.

असो. मुद्दा तिकिटाचा. दादा, विमानाच्या तिकिटाचा भाव म्हणजे काय अंदाधुंदी आहे, सांगून खरं वाटणार नाही. सकाळी एक आकडा, अंघोळ करून आलो की दुसरा. नुसतं पुन्हा बघितलं तरी वाढतो, जणू बघण्याचाच कर लावलाय. खाली लाल अक्षरात "फक्त दोन जागा शिल्लक". त्या दोन जागा तीन आठवडे शिल्लकच होत्या. "आत्ता अकरा जण हेच तिकीट बघत आहेत" असंही येतं. माझी पाचावर धारण बसायची, मग लक्षात आलं की त्यातला एक मी, एक अरुणाच्या फोनवरून मी आणि एक क्षिप्राच्या लॅपटॉपवरून मीच. एक तिकीट फारच स्वस्त मिळालं, म्हणून हरखलो. ते तीन देशांवरून जाणारं होतं आणि मध्ये एका वाळवंटात आख्खा दिवस बाकड्यावर बसायचं होतं. दुसरं बरं वाटलं, तर बॅगेचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे, खिडकीचे वेगळे. मी म्हटलं, बसायचे तरी यात धरलेत ना?

मग मी आपली वाशीची पद्धत वापरली. कुंदनच्या ग्रुपमधले आणखी सहा जण जाणार आहेत, म्हणून कंपनीला फोन केला आणि सांगितलं, ताई, एकदम सात माणसं देतो, गोणीचा भाव लावा. त्या ताईंनी हिशोब करून जो आकडा सांगितला तो ऐकून माझे डोळे पांढरे झाले. ग्रुपने घेतलं तर महाग! मी म्हटलं, तुमचं काहीतरी उलटं झालंय. त्या म्हणाल्या, नाही सर, असंच असतं. मी मार्केटमधल्या बाबासोला विचारलं (आपला कांद्याचा अडत्या, शब्दाचा पक्का), तर त्यालाही ते पटेना. म्हणाला, साहेब, गोणी घेतली म्हणून किलोमागं भाव चढवला तर लोक आमाला मार्केटात उभं करतील का? आणि घराच्या गच्चीतून नवा विमानतळ दिसतो, त्याच्या आनंदात आमच्या सोसायटीने सत्यनारायण घातला होता. पण आम्हाला परवडणारं तिकीट शेवटी निघालं ते मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळावरूनच.

निघालं कसं, तर डोकं चालवून. मी सगळ्या तारखा चाळल्या तेव्हा मधला एक पंधरवडा भाव धाडकन पडलेला दिसला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघतो तर पितृपक्ष! म्हणजे बघा, आपल्याकडे कोणी खरेदी करत नाही, शुभकार्य करत नाही, हे त्या परदेशी कंपनीपर्यंत पोचलंय. आता खडक चढणं हे शुभकार्य आहे असं कुठल्याही पोथीत नाही, तेव्हा तीही हरकत नव्हती. राहता राहिली आपल्या अप्पांची तिथी, दशमी. सगळ्यात स्वस्त तिकीट नेमकं दशमीचं होतं, पण वेळ रात्रीची दोनची. मी खूश! दुपारी बाराला पान वाढायचं, तुम्ही, वहिनी, भटजी सगळे जेवून उठायचे, अरुणाने सगळं आवरून रात्री निघायचं. तिथी पाळली, पैसेही वाचले. कोणाला न विचारता पैसे भरून मोकळा झालो आणि मग आरामात घरात जाहीर केलं.

अरुणाने तिकीट बघितलं, कॅलेंडर बघितलं, पुन्हा तिकीट बघितलं. म्हणाली, "अहो, त्यांचा दिवस रात्री बाराला सुरू होतो."

दादा, आपल्या सबंध आयुष्यात दिवस सूर्याबरोबर उगवला. रात्री दोनला उठलेला माणूससुद्धा आदल्या दिवसाचाच असतो. दशमीच्या रात्री दोन म्हणजे दशमीचं जेवण झाल्यानंतरचे दोन, यात कोणाला शंका येईल? पण त्यांच्या लेखी ते दशमीच्या आधीचे दोन. म्हणजे नवमीला रात्री जेवून निघायचं, आणि अप्पांचं पान वाढायच्या वेळी अरुणा अथेन्सला. सर्वपित्रीला करावं, तर त्या दिवशी ती खडकावर. लगेच फोन केला. वडिलांचं श्राद्ध आहे, तारीख बदलून द्या म्हटलं, तर पलीकडचा मुलगा अगदी हळवा झाला, तुमच्या दुःखात सहभागी आहोत म्हणाला, आणि ही दुःखद घटना केव्हा घडली असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, अकरा वर्षं झाली. त्यानंतर बराच वेळ नुसतं संगीत वाजत होतं. शेवटी कळलं की या तिकिटाची तारीख बदलत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.

अरुणा एवढंच म्हणाली, "राहू दे. अप्पांचं आधी." आणि ते चढायचे घट्ट बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायला निघाली. रडली नाही की माझ्यावर ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शाळेची काश्मीरची सहल अप्पा अंथरुणावर होते म्हणून तिने सोडली, तेव्हाही याच आवाजात "राहू दे" म्हणाली होती, आणि मी आपलं बरं झालं म्हणून पेपर वाचत बसलो होतो. या वेळी मात्र मला फार वाईट वाटलं, दादा. साठाव्या वर्षी एका बाईची भीती जाते, आणि मी, भाव पाडण्यात हुशार माणूस, तिला पुन्हा स्वयंपाकघरात आणून सोडतो! बूट मी तिच्या हातातून काढून घेतले आणि कपाटात ठेवलेत, किल्ली माझ्याकडे आहे.

तेव्हा विनंती अशी. दरवर्षी तुम्ही उभयता इथे येता, पान इथे वाढलं जातं, वडे-खीर-अळूवडी सगळं अरुणा करते. दशमीला ती प्रवासात, फोनही लागायचा नाही, म्हणून यंदा ते सर्वपित्रीला, चिपळूणला तुमच्या घरी व्हावं. थोरले तुम्ही, अधिकार तुमचाच. एवढं झालं तर अरुणा निश्चिंत मनाने जाईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, फणसालाही विचारलंय म्हणून सांगा.

तुमचा धाकटा,
सुभाष

ता. क. – शुद्धिपत्रक. वरील मजकुरात जिथे जिथे "अरुणा जाणार" असं आलं आहे, तिथे "अरुणा व सुभाष जाणार" असं वाचावं. तिकिटं दोन काढलीत. क्षिप्राला रजा नाही. आणि अरुणाचा दोर परक्याच्या हातात देऊन मला इथे कामोठ्यात अन्न गोड लागलं असतं का? कुंदनने उपाय काढलाय, माझ्या पट्ट्याला खाली वाळूची पिशवी बांधायची, म्हणजे मी जमिनीवर राहतो. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही.

ता. क. २ – श्राद्धाचा स्वयंपाक घरच्या सुनेनेच करायचा, हा वहिनींचा नियम मला पाठ आहे. यंदा ती सून म्हणजे त्याच, हे त्यांना तुम्ही सांगायचं. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. फोन केला असता, पण तो नेहमी वहिनीच उचलतात.

ता. क. ३ – गच्चीवर पान ठेवाल तेव्हा कावळा लवकर शिवला नाही तर घाबरू नका, आणि बांधाचा दावा जिंकून देतो वगैरे कबुल्याही देत बसू नका. शेवटी शेवटी अप्पा हाक फक्त अरुणाला मारायचे; जीव अडकला असेल तर तिच्यातच. म्हणून पानाजवळ उभं राहून मोठ्याने सांगा, अप्पा, तुमची सून वर आहे आणि दोर सुभाषने धरलाय. एवढं सांगूनही नाहीच शिवला, तर मला लगेच फोन करा. मी तिला खाली उतरवून घेतो.