बोरमाळला समुद्र आणताना

२ एप्रिल, पहाटे

भाषणाची सुरुवात सुचली. विसरण्याआधी लिहून ठेवतो.

"बोरमाळच्या माझ्या तहानलेल्या बंधूंनो, आणि डोक्यावरची घागर खाली न ठेवताच म्हाताऱ्या झालेल्या भगिनींनो! महाबळेश्वरात ढग फुटतो आणि आपल्या नळातून फुसकन हवा येते. तिथले लोक पावसाला शिव्या देतात, आपण आभाळाला. एकाच जिल्ह्यात एकाच्या उसात पूर शिरतो आणि दुसऱ्याच्या विहिरीचा तळ दिसतो. याला निसर्ग म्हणायचं की हरामखोरी?"

इथे टाळ्या. टाळ्यांसाठी थांबायचं.

नदीची भीक बास झाली. कालवा शेजारच्या गावापर्यंत आला आणि आमचा माळ उंच म्हणून तिथेच बसला. कालव्यालाही चढाचा कंटाळा! यापुढे थेट समुद्र. कोकण किनाऱ्यावर प्लँट टाकायचा, खारं पाणी गोडं करायचं, पाइपलाइनने घाट चढवून आटपाडीच्या माळावर आणायचं. वाळवंटातले देश हेच पाणी पितात. मी या विषयावर मिळेल ते सगळं वाचलं आहे. तालुक्यात दुसऱ्या कुणी काहीच वाचलेलं नाही.

संकल्प: वर्षाच्या आत भूमिपूजन. कुठे करायचं ते ठरायचं आहे, कारण भूमी कोकणात आहे.

५ एप्रिल

बायकोला योजना सांगितली. संयोगिता भाकरी थापत होती. म्हणाली, "आवं, समुद्र यील तवा यील. आत्ता गोड्या विहिरीवरनं दोन घागरी आना, हरणाबाईचा नंबर लागायच्या आत."

महापुरुषांच्या बायका पूर्वीही अशाच असाव्यात. पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहीत नाहीत ते उगाच नाही.

गेलो. गावातले बोअर झाडून सगळे खारट, तोंडात धरवत नाही. पिण्याची विहीर एकच, वेशीजवळची गोडी विहीर. उन्हाळ्यात तीही दमते. मग माझा मेव्हणा मानसिंग रोज सकाळी त्याचा टँकर आणतो, विहिरीत ओततो आणि बायका शेंदून घेतात. मानसिंग मिलिटरीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला. अजून सगळ्यांना 'सर' म्हणतो. मला 'दाजी'.

हरणाबाईचा नंबर आधी लागलाच होता. सत्तरी गाठली, पण घागरीवरून भांडायला पोरीसारखी. मला म्हणाली, "व्हा मागं, लालासाहेब. हितं भाषन चालत न्हाई, दोर चालतो."

९ एप्रिल

सरपंच नीलिमा घरी आली. माझी व्याख्यानं ऐकत वाढली असं सगळे सांगतात. ती सांगत नाही.

तिचं म्हणणं असं की, शाळेमागे ग्रामपंचायतीचं पाणी गोडं करायचं मशीन बंद पडून आहे. ते दुरुस्त करू, खाऱ्या बोअरला जोडू, घरटी रोज एक जार देऊ. मला ग्रामसभेत पाठिंबा मागत होती. मी तिला समुद्राचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमचा प्लँट करनार तेच हे मशीन करतं. खारं आत, गोडं भाईर. आपला समुद्र बोअरमधीच हाय की."

ही यांची झेप. मी क्षितिज दाखवतो, ही जार दाखवते!

वर म्हणाली, "आनि मधी सह्याद्री हाय, काका."

सह्याद्री मला माहीत आहे. त्याच्यावर माझं दीड तासाचं व्याख्यान आहे.

१४ एप्रिल

जयंतीला यंदा वक्ता म्हणून मला बोलावलं नाही. कराडहून कुणी बाई आणली. ती पाण्याच्या हक्कावर बोलली. विषय माझा! लोकांनी टाळ्याही वाजवल्या. लोकांना टाळी कुठे वाजवावी हे शिकवायला हवं.

वाईच्या साडूने, आप्पासाहेबाने, सकाळीच फोटो पाठवला. कृष्णेच्या घाटावर ओलेता उभा. खाली लिहिलंय, 'काय ते पाणी!' ब्लॉक केला.

१ मे, रात्री

ग्रामसभा. मशीन-दुरुस्तीचा ठराव मी एकट्याने हाणून पाडला. "थेंबावर भागवणाऱ्याला समुद्र कोण देईल? गरुडाने चिमणीच्या घरट्यात राहायचं का?" लोक पेटले. ठरावाविरुद्ध धडाधड हात वर झाले. हरणाबाईनेही केला. नंतर ती शेजारणीला विचारत होती, हात कशासाठी होता. पण केला हे महत्त्वाचं.

सगळं संपल्यावर नीलिमा म्हणाली, "ठीक हाय. मशीन नको. मग समुद्र कवा येतोय तेवढं सांगा, म्हंजे बायास्नी सांगता यील."

सभा हसली. माझी सभा!

मी म्हणालो, "पंधरा दिवसांत या वेशीवर समुद्राचं पाणी दाखवतो. नाही दाखवलं तर माइकला पुन्हा हात लावणार नाही."

तोंडातून गेलं. पण गेलं ते उत्तम गेलं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

४ मे

शांतपणे विचार केला. मी 'दाखवतो' म्हणालो आहे, 'पाजतो' नाही. एक टँकर पुरे.

मानसिंगला विचारलं. तो म्हणाला, "दाजी, टँकर प्यायच्या पान्याचा हाय. खारं घातल्यावर धुवायचा कोन?" राष्ट्रकार्यात याला धुण्याची चिंता. देशाची सीमा याने कशी सांभाळली देव जाणे. शेवटी संयोगिताने सांगितलं की येताना कोकणातून सुके बोंबील आण, तेव्हा तयार झाला. समुद्रासाठी नाही, बोंबलासाठी.

योजना अशी: टँकर विहिरीपाशी उभा. कठड्यावर मी. आत काय आहे हे शेवटच्या वाक्यापर्यंत कुणालाही सांगायचं नाही. शेवटचं वाक्य: "या टँकरमध्ये आहे साक्षात अरबी समुद्र!" मग बायकांनी समुद्राची ओटी भरायची. खण-नारळ आणून ठेवले.

मानसिंग म्हणाला, "गावाला आधी सांगून ठिवा, दाजी. टँकर बघितला की बाया दम धरत न्हाईत."

त्याला म्हणालो, तू क्लच सांभाळ. उत्कंठा मी सांभाळतो.

१५ मे, सकाळी दहा

आयुष्यातलं सर्वोत्कृष्ट भाषण. मुद्देच लिहितो.

टँकर वेळेवर आला. मानसिंग रात्रभर घाट चढून आलेला, गाडी विहिरीला लावली आणि केबिनमध्येच घोरू लागला. सगळा गाव हजर. बायका घागरींसह. मी कठड्यावर चढलो, टँकरकडे आणि विहिरीकडे पाठ, गावाकडे तोंड.

पहिली वीस मिनिटं महाबळेश्वरला झोडपलं. मग उसाला. मग कालव्याला. मग नाव न घेता सरपंचाला. ती पहिल्याच रांगेत होती, सगळे तिच्याकडेच बघत होते.

'सागराची गाज' या परिच्छेदावर आलो आणि काय योग पाहा, माझ्या पाठीमागे पाण्याचा धो धो आवाज सुरू झाला! अंगावर काटा आला. मी वळून पाहिलं नाही. वक्त्याने वळायचं नसतं. बायका घागरी उचलून माझ्या मागच्या बाजूला सरकू लागल्या. वाटलं, ओटी भरायला आतापासूनच रांग लावताहेत.

शेवटचं वाक्य टाकलं. दोन्ही हात वर. "साक्षात अरबी समुद्र!"

टाळ्या नाहीत. संपूर्ण शांतता. अशी शांतता वक्त्याला जन्मात एकदा मिळते.

मग मागून हरणाबाईचा आवाज आला, "कशात हाय म्हनला?"

१५ मे, संध्याकाळी

टँकर रिकामा आहे. समुद्र गोड्या विहिरीत आहे.

हरणाबाईचं म्हणणं: टँकर आला की पाईप विहिरीत सोडायचा, हे रोजचंच हाय. ड्रायव्हर झोपला असला की कॉक तीच फिरवते. "तुमी बोलतच हुता. तुमचं सरायची वाट बघितली तर आमी पानी कवा भरायचं?"

दोष वाटून लिहितो. हरणाबाई: अर्धा. मानसिंग: उरलेला, कारण झोपला. नीलिमा: तिनेही थोडा घ्यावा, कारण सरपंच आहे आणि समोरून सगळं दिसत होतं. तिला विचारलंच मी, दिसत होतं तर थांबवलं का नाही? म्हणाली, "मला काय ठावं काका, आत काय हाय? तुमी कुनाला सांगितलंत?"

मानसिंग उठून बसला, आत वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच मला "सर" म्हणाला. ज्या सुरात म्हणाला, तो सूर मिलिटरीत चालत नसावा.

१६ मे

चहा फाटला. संयोगिता पातेलं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "घ्या. आला समुद्र घरात."

गावात नसती घबराट. एवढ्या विहिरीला एक टँकर म्हणजे आमटीत मिठाचा खडा. शेजारच्या प्रशांतच्या म्हशीने पाण्याला तोंड लावलं नाही, याचा मोठा गवगवा चालू आहे. म्हैस कधीपासून तज्ज्ञ झाली? नवीन काहीही पुढे ठेवा, ती फुरफुरणारच.

लोकांची भीती मोडायला दुपारी वेशीवर सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यालो. चेहऱ्यावर रेष हलू दिली नाही.

१७ मे

प्रकृती ठीक नाही. उन्हाचा परिणाम. संयोगिता म्हणते, ऊन काल तांब्यात होतं.

१८ मे

बोअर खारट, विहीर खारट. मानसिंगचा टँकर उभा आहे, कारण धुतल्याशिवाय तो भरायच्या नळावर घेत नाहीत आणि धुवायला गोडं पाणी लागतं. सगळं गाव शेजारच्या गावाला, कालव्यावर जातंय. आमच्याकडचे लोक म्हणजे ना! एवढी वर्षं नुसते बसले आणि आता चालताहेत, तेही माझ्याकडे बघत.

संकल्प: कुणी काही बोललं तर सडेतोड उत्तर द्यायचं. उत्तर तयार आहे. महापुरुषांच्या चुका आणि सामान्यांची यशं, असा मुद्दा.

संध्याकाळी खिडकीतून हरणाबाई दिसली. कालव्याहून घागर घेऊन येत होती. चढाला दोनदा घागर उतरवली, गुडघे चोळले, परत उचलली. आमच्या दारासमोर आली तेव्हा माझ्याकडे बघितलं.

काही बोलली नाही.

बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२० मे

विशेष ग्रामसभा. मशीन-दुरुस्तीचा ठराव एकमताने मंजूर. मी अनुमोदन द्यायला उठलो. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "आरं बसवा त्यास्नी, न्हाईतर उद्या हिमालय आनतील!" गाव पोट धरून हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा हसला असेल.

मशीनला विहिरीचं एवढं खारं पाणी झेपणार नाही म्हणे. आधी विहीर उपसावी लागणार. नीलिमाने ठरवलंय: मोटर लावून समुद्र परत मानसिंगच्या टँकरमध्ये भरायचा, जुन्या खाणीत सोडायचा. रानात एक थेंब जाता कामा नये. तळाचं पाणी आणि गाळ हातानेच काढायचा. मग झऱ्याचं गोडं पाणी येईल. झरे आटायच्या आत करायला हवं, पुढं ढकललं तर विहीर गेलीच. घरटी एक माणूस लागेल.

म्हणजे बोरमाळमधून समुद्राच्या पाण्याची वाहतूक होणार! बारकाईने पाहिलं तर योजना माझीच...

हे वाक्य संयोगिताने मागून वाचलं. फाटलेल्या चहाचं पातेलं आणून वहीशेजारी ठेवलं. धुतलं कसं नाही म्हणालो. "कशानं धुवू?" म्हणाली.

२१ मे, दुपारी

नीलिमा आली. देवळाच्या भोंग्यावरून गावाला बोलवायचंय. तिने स्वतः बोलून बघितलं, वरच्या वस्तीपर्यंत पोचत नाही. "आवाज तुमचाच पोचतो, काका. तेवढ्यासाठी आले."

मी म्हणालो, मी माइकला हात लावणार नाही अशी प्रतिज्ञा होती. ती म्हणाली, "समुद्र दाखवला की तुमी. प्रतिज्ञा पुरी झाली." तिच्या चेहऱ्यावरून कळेना, ती हसत होती की काय.

अट एकच. फक्त निरोप. मागं-पुढं काही नाही.

प्रस्तावना तयार केली आहे. समुद्रमंथनापासून सुरुवात, हलाहल, मग मी. फार तर दहा मिनिटं.

२१ मे, संध्याकाळी

देवळात गेलो. संयोगिता बरोबर आली, येताना आमची बादली घेऊन. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बादली धरून बोला. जड झाली की थांबाल."

पायरीवर हरणाबाई बसली होती. गुडघ्याला तेल लावत. मला बघून जरा सरकली, जागा केली. म्हणाली, "लवकर उरका गड्या, उद्या पहाटं उठायचंय."

एका हातात माइक, एका हातात बादली. समुद्रमंथन आठवेना. महाबळेश्वर आठवलं, पण त्याच्यावर राग येईना. भोंगा खरखरला. वरच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिकडे कुत्रं भुंकलं. टाळ्यांसाठी थांबलो नाही. बोललो ते एवढंच:

"बोरमाळकरांनो, मी लालासाहेब. गोडी विहीर माझ्यामुळं खारट झाली. उद्या सकाळी सहा वाजता घरटी एक माणूस बादली घेऊन विहीर उपसायला या."