झुंबरच्या अंगातली

३ एप्रिल १९३४, मंगळवार

आज पुन्हा झुंबरच्या अंगात आलं. केस सुटलेले, डोळे तांबडे. आमची विधवा सून. एरवी पदर कपाळावर, आवाज चुलीपलीकडे जात नाही. आज गरजली, "कुसाचं लग्न होणार नाही!" ज्यानं हे लग्न ठरवलं तो माझा मेहुणा गोटीराम, तोच पायावर पडला! "चुकलो, आई!"

कुसा माझी नात, झुंबरची लेक. नऊ वर्षांची. नवरदेव बिजवर, मिशी पांढरी.

४ एप्रिल, बुधवार

सकाळी गोटीराम झुंबरवर खेकसला, "चहा आहे की धुवण?" काल याच बाईचे पाय धरले होते! लग्न ठरल्याप्रमाणे होणार म्हणतो, पण सुरगाण्याला. इथे कायद्यानं धरतील, तिकडे संस्थानात इंग्रजांचा कायदा लागत नाही.

मी म्हातारा तांबट. आता हातोडीचा ठोका नीट बसत नाही. त्याच्या भट्टीवर आमची चूल पेटते. त्याला काय सांगणार!

६ एप्रिल, शुक्रवार

गोटीराम देवळात कौल लावून आला. देवीला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं — म्हणजे होकार. "बोला दाजी! गाभाऱ्यातली खरी की तुमच्या सुनेच्या अंगातली?"

अरे, तो देवीचा मुखवटा मीच ठोकलाय! तांब्याचा पत्रा, आतून पोकळ. उजवा गाल जरा उतरता, फूल घसरतं ते तिकडेच. हे तोंडावर सांगायचं होतं. इथे लिहितो — त्या पत्र्यात देवी नाही. नाही म्हणजे नाही!

८ एप्रिल, रविवार

झुंबर परसात भांडी घासत होती. म्हटलं, "पोरी, त्या दिवशी जे बोललं ते तुझ्यातच आहे. बाहेरून कोणी येत नाही. केस बांधून, शुद्धीवर बोल."

"मामंजी, केस बांधलेल्या बाईचं कोण ऐकतं?"

भलतंच बोललो का मी?

१० एप्रिल, मंगळवार

मंगळवार असून अंगात आलं नाही. सगळे वाट पाहत होते. मीसुद्धा — एवढं बोलून! गोटीराम हसला, "आई राजी झाली."

११ एप्रिल, बुधवार

गाडी दाराशी आली. गोटीरामनं कुसाचा दंड धरला. झुंबर उंबऱ्यात उभी. अंबाडा घट्ट, पदर डोक्यावर.

"मामा, पोर येणार नाही."

कुणी पाया पडलं नाही. "हो बाजूला!"

"नाही."

"कोण बोलतंय? देवी?"

"कुसाची आई."

तो माझ्याकडे वळला. "दाजी, सांगा हिला! नाहीतर उद्यापासून माझ्या भट्टीवर पाऊल टाकू नका."

मी गेलो, झुंबरशेजारी उभा राहिलो. "नाही टाकणार! सोड पोरीला!" एवढा मोठा आवाज माझा?

त्यानं दंड सोडला. गाडी रिकामी गेली.

१२ एप्रिल, गुरुवार

चूल फुंकता फुंकता झुंबर म्हणाली, "मामंजी, रागावू नका. देवी कधी आलीच नव्हती. दर वेळी मीच होते."

माझे हात आपसूक जोडले गेले.